भिंतीवरचा तिसरा

प्रफुल आणि दिव्यानी गोंडपिपरीच्या पुढच्या त्या गावाला निघाले ते अगदी साध्या कामासाठी. भिंतीवरच्या एका चित्राचे फोटो काढायचे, घरातल्या म्हातारीची विचारपूस करायची आणि जमलं तर उजेडातच ब्रह्मपुरीला परतायचं. मूल गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी पळस पेटला होता. दिव्यानी खिडकीतून बाहेर बघत होती आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. प्रफुलला ते गुणगुणणं आवडलं नाही.

प्रफुल घरी बसून हैदराबादच्या एका कंपनीसाठी फँटसी गेमची चित्रं काढायचा. चिलखतं, तलवारी, आग ओकणारे अजगर. सगळं स्क्रीनवर, लखलखीत रंगांत. कामाला तो चोख होता. पण या खेपेला कंपनीनं त्याची चित्रं परत पाठवली. त्यांना असल्या खेळांच्या जुन्या छापील पुस्तकांतल्यासारखं हवं होतं. काळ्या शाईचं, आडव्यातिडव्या रेघांचं, पुरतं न दिसणारं. लहानपणी ज्यांनी ते खेळ खेळले ते आता हाती पैसा आल्यावर तीच जुनी चित्रं शोधत फिरतात, असं कंपनीचं म्हणणं. प्रफुलनं वैतागून हे घरात सांगितलं, तर दिव्यानी भाजी चिरता चिरता म्हणाली, "जंगूसारखं पायजे म्हण ना त्यायले."

इतक्या वर्षांनी ते नाव तिच्या जिभेवर इतकं तयार कसं, हे काही प्रफुलच्या मनातून जाईना.

जंगू त्यांच्या कॉलेजातला. नागपूरला रद्दीवाल्याकडे त्याला एक परदेशी खेळाचं पुस्तक सापडलं होतं. फासे टाकायचे, एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. जंगू गोष्ट सांगायचा. प्रफुल लढवय्या व्हायचा, दिव्यानी जादूगारीण. त्या पुस्तकातल्या चित्रांवरून दोघा मित्रांचे वाद व्हायचे. प्रफुलला वाटायचं, ती चित्रं कच्ची आहेत. राक्षस दिसतच नसेल तर भ्यायचं कुणाला? जंगू हसायचा आणि तशाच काळ्या रेघांत नवी चित्रं काढायचा. दिव्यानी दोघांचीही चित्रं बघायची. प्रफुलच्या चित्राला ती छान म्हणायची. जंगूच्या चित्राला काहीच म्हणायची नाही, नुसती बघत राहायची. कॉलेज संपलं त्या वर्षी जंगूला मलेरिया झाला, तो डोक्यात चढला आणि त्यातच तो गेला. पुढे प्रफुल-दिव्यानीचं लग्न झालं. मेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे प्रफुलला कळत होतं, पण जिवंत माणसाशी निदान भांडता तरी येतं.

जंगूनं घरच्या भिंतीवर काढलेलं चित्र नमुन्याला घ्यावं, हे दिव्यानीनंच सुचवलं होतं. गावात पोचले तेव्हा दुपार कलली होती. जंगूची आई, सुकरीबाई, अंगणात मोहफुलं वाळत घालून बसली होती. त्या जड, गोड, किंचित आंबूस वासानं डोकं भणाणून गेलं. तिनं दिव्यानीला ओळखलं, पाणी दिलं आणि आतल्या खोलीचं दार ढकललं.

खोलीला खिडकी नव्हती. दारातून येणारा उजेड समोरच्या मातीच्या भिंतीवर पडला होता. भिंतभर काजळीनं काढलेलं जंगल होतं. एकात एक गुंतलेली खोडं, मधे अंधाराची एक वाट आणि त्या वाटेनं आत निघालेली माणसं. पुढे हातात दिवा धरलेली जादूगारीण. तिची मान जराशी वळलेली, आणि ती मान दिव्यानीचीच होती. बाजूला ढाल घेतलेला लढवय्या. आणि मागे, जादूगारणीच्या अगदी पाठीशी, तिसरा कुणीतरी. उंच, हातात शस्त्र नाही, चेहरा दाट रेघांत बुडालेला. त्याचा हात तिच्या खांद्यापर्यंत आला होता, टेकला मात्र नव्हता.

खेळात तर दोघंच होते. मग हा तिसरा कोण, हे प्रफुलला कुणी सांगायची गरज नव्हती. गोष्ट सांगणाऱ्यानं स्वतःला हळूच गोष्टीत घालून घेतलं होतं, आणि तेही तिच्या इतक्या जवळ.

दिव्यानीनं फोटो काढले आणि मग ती खाली जमिनीवरच बसली. भिंतीवरून तिची नजर हलेना.

"असं काय आहे त्याच्यात?" शेवटी प्रफुलनं विचारलं.

"तुझ्या चित्रात मले सगळं दिसते, प्रफुल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "मंग पुन्हा पाहावं वाटत नाई. याच्यात... आत जावं वाटते."

तिच्या मनात त्याला दुखवायचं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

थोड्या वेळानं सुकरीबाई बोरिंगवर पाणी आणायला निघाली. दिव्यानी दुसरी घागर घेऊन सोबत गेली. प्रफुल एकटा उरला. कोपऱ्यात बादलीत पांढरी माती कालवून ठेवली होती आणि तिच्यात भिंत सारवायचा पोतारा बुडालेला होता. तो पोतारा आपण कधी उचलला, हे त्याला नंतर आठवेना. त्यानं आधी तो हात पुसला, खांद्याजवळचा. मग दंड, मग छाती. काजळी पांढऱ्या मातीत कालवून राखाडी झाली आणि ओघळली. सगळ्यात शेवटी चेहरा. तिथल्या रेघा इतक्या दाट होत्या की तीनदा हात फिरवावा लागला.

चेहरा गेला आणि बाहेरची होला पक्ष्यांची घुमघुम एकदम थांबली. मोहफुलांचा वाससुद्धा नाहीसा झाला, कुणी दार लावून घ्यावं तसा. दार तर उघडंच होतं. मग त्याच्या पाठीमागे, अगदी जवळ, गुडघे वाजले. फार वेळ एकाच जागी बसलेल्या माणसाचे उठताना वाजतात, तसे. पाठोपाठ एक लांब श्वास...

प्रफुल वळला. खोलीत कुणी नव्हतं. अंगणात पुन्हा होले घुमायला लागले.

बायका परतल्या तेव्हा तो ओटीवर बसला होता. हाताला पांढरी माती लागली होती, ती त्यानं लपवलीही नाही. दिव्यानी आत गेली आणि तशीच बाहेर आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त त्याच्याकडे बघत राहिली.

सुकरीबाईनं घागर उतरवली, दारातून भिंतीकडे पाहिलं आणि पदरानं कपाळ पुसलं.

"जंगू वाटला काय तुमाले?" तिनं विचारलं.

प्रफुलनं मान हलवली.

"माह्या पोरानं दोघंच काढले होते, भाऊ. तो स्वतःले कधी काढेच नाई. हा मागून आला. पोरगा गेला त्याच पावसाळ्यात... भिंतीतून वर आला. दोनदा पोतारलं मी. भिंत कोरी झाली का तो घरात फिरे. मंग पुन्हा भिंतीवर येऊन बसे. मंग म्या म्हटलं, बसते तं बसू दे." तिनं दोघांकडे पाहिलं. "तवा इथी एकटी मीच होतो. आता त्याले सोबत न्यायले माणसं आले."

परतीच्या वाटेवर दिव्यानी मागच्या सीटवर बसली. प्रफुलनं कारण विचारलं नाही. संध्याकाळ झाडांतून रस्त्यावर उतरत होती. तो तिची माफी मागायला शब्द जुळवत होता, आणि दर वेळी आरशात पाहिलं की ती खिडकीला अगदी चिकटून, अंग चोरून बसलेली दिसायची. एवढी मोठी सीट असून.

पुढच्या महिन्यात त्यानं कंपनीला नवी चित्रं पाठवली. जंगूच्या रेघांची नक्कल त्याला जमली नाही ती नाहीच, म्हणून चिडून त्यानं आपल्याच पद्धतीची, लखलखीत रंगांची पाठवली. त्या दिवशीच कंपनीतल्या बाईंचा फोन आला. रंग चालतील म्हणाल्या, कारण मागे उभा असलेला तो काळा माणूस अप्रतिम उतरलाय. तो तेवढा प्रत्येक चित्रात राहू द्या.

प्रफुलनं चित्रं उघडली. राजवाड्याच्या खांबामागे, अजगराच्या पंखाखाली, प्रत्येक चित्रात तो होता. काळ्या रेघांचा. त्यानं तो खोडला, फाइल बंद करून पुन्हा उघडली, तर तो परत होता आणि थोडा पुढे आलेला होता.

तेव्हाच त्याला जाणवलं की दिव्यानी त्याच्या खुर्चीमागे उभी आहे. घरी परतल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. आणि इतक्या वर्षांत ती त्याच्या चित्रासमोर अशी कधीच थांबली नव्हती. ओठ किंचित उघडे, नजर खिळलेली. याच नजरेसाठी त्यानं आयुष्यभर वाट पाहिली होती. ती आता आली होती, आणि तीसुद्धा त्याच्यासाठी नव्हती.

"पुरे," तो म्हणाला आणि त्यानं स्क्रीन बंद केली.

दिव्यानी कोऱ्या, काळ्या काचेकडेच बघत राहिली. मग खांद्यावरची ओढणी सावरत, दारात आलेल्या माणसाला वाट द्यावी तशी, ती हळूच एका बाजूला सरकली.