उंदेरीच्या खडकांपाशी

साठ सालचा एप्रिल संपत आला होता. डिलाईल रोडच्या चाळीत, तिसऱ्या माळ्याच्या गॅलरीत, चार-पाच तरुण मंडळी कागदी कंदील चिकटवत बसली होती. एक मेला महाराष्ट्र राज्य होणार, सुट्टी मिळणार, आणि त्या सुट्टीत लाँचने घारापुरीला जायचा त्यांचा बेत ठरला होता. बरोबर दर्याची माहिती असलेलं कोणी असावं म्हणून ती कोपऱ्यातल्या खोलीत जयवंत सारंगला विचारायला गेली. जयवंत देवगडचा गाबीत, घरात पिढीजात खलाशीपण. त्याने ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं.

"एवढं काय वाईट विचारलं आम्ही?" रामू परत येऊन म्हणाला.

तात्या पडवळ भिंतीला पाठ लावून बसले होते. गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आता रिटायर. त्यांनी कोपऱ्यातल्या खोलीकडे एकदा पाहिलं.

"त्याला पुन्हा विचारू नका. का ते सांगतो, पण आवाज चढवायचा नाही. तो जागा असतो. मला हे जयवंताने सांगितलं, आणि बुधाजी तांडेलानेही. दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, पण एका शब्दाचा फरक नव्हता."

आणि तात्यांनी सांगायला घेतलं.

छप्पन सालची संक्रांत. वरळी कोळीवाड्यातला बुधाजी एका सॉलिसिटरच्या यॉटवर तांडेल, म्हणजे कप्तान होता. यॉट म्हणजे शिडाची होडीच, पण शौकाची. पांढरी शुभ्र, आत निजायला केबिन, नाव 'कस्तुरी'. साहेब गिरगावातले पाठारे प्रभू, त्रिलोकेकर. त्यांना पत्नीला घेऊन तीन दिवस बेटांची सफर करायची होती : घारापुरी, मग कुलाब्याचा किल्ला, उंदेरी, खांदेरी. ऐन वेळी बुधाजीचा खलाशी तापाने पडला. म्हणून तो जयवंताकडे आला.

जयवंत गिरणीत लागून चार वर्षं झाली होती. चार वर्षांत पायाखाली पाणी नव्हतं. बुधाजीचं बोलणं संपायच्या आतच तो 'येतो' म्हणाला. मग त्याला धाकट्या भावाची आठवण झाली.

धाकटा सीताराम त्याच्याच खोलीत राहायचा, लालबागच्या गिरणीत मागावर होता. त्या दिवसांत शहर कसं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. नाक्यानाक्यावर सभा, भिंतींवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र', दिल्लीहून कधी काय जाहीर होईल याचा नेम नाही. सीताराम रोज मोर्च्यात. रात्री घसा बसवून घरी यायचा.

"तीन दिवस मी नाही. तू बाहेर पडू नकोस," जयवंत म्हणाला.

सीताराम हसला. "तू जा बेटां बघूक. मी हंय मुंबय राखतंय."

बोलणं थट्टेचंच होतं, पण जयवंताला ते लागलं. तो निरोप न घेता निघाला.

पंधरा तारखेला सकाळी अपोलो बंदरावरून शीड उभारलं. दोन दिवस काय ऊन पडलं होतं म्हणता. घारापुरीची झाडी, कुलाब्याच्या तटावरचे बगळे, खांदेरीचं दीपगृह, सगळं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ. पद्मजाबाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, टोपी घालून पुढे बसायच्या आणि प्रत्येक बेटाचं नाव विचारायच्या. बाई मोठी गोड होती. पण जयवंताचं मन लागेना. दोर ओढताना हात दोरावर, नजर उत्तरेला. तिथे पाण्यावर मुंबई एखाद्या डागासारखी दिसायची, की तो उगाच मोजायला लागायचा. आज सोमवार, पहिली पाळी सुटली असेल. आता सीताराम नाक्यावर असेल.

"तुझं ध्यान कुठं हाय?" बुधाजीने दोनदा विचारलं.

सोमवारी रात्री खांदेरीच्या आडोशाला नांगर टाकला होता. साहेबांकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. बातम्या लागल्या : मुंबई महाराष्ट्राला नाही, केंद्राच्या ताब्यात राहणार. साहेबांनी रेडिओ बंद केला. मंगळवारी संध्याकाळी पुन्हा लावला, तेव्हा शहरात संचारबंदी, गोळीबार. पद्मजाबाईंचा चेहरा उतरला. गिरगावात सासूबाई एकट्या होत्या, ऐंशीच्या घरातल्या.

"बुधाजी, आत्ताच निघू," साहेब म्हणाले.

बुधाजीने आकाशाकडे पाहिलं. "साहेब, वारा पडतोय. ओहोटी लागलीय, पाणी उलटं ओढणार. आणि ते बघा..."

क्षितिजावर धुकं येऊन बसलं होतं. दुधाच्या सायीसारखं.

"सकाळी निघू. आज रात्र इथेच काढा."

साहेबांनी धुक्याकडे पाहिलं. शहाणा माणूस होता, ऐकलंही असतं. पण जयवंत बुधाजीपुढे झाला. "काका, मी आहे ना. दोघं मिळून नेऊ. मला जायलाच हवं."

म्हणजे बघा, निघण्याचा हट्ट त्याचा होता. हे तो अजून विसरलेला नाही.

सहा वाजता नांगर उचलला. सात वाजेतो धुक्यात शिरले. पंचमीची कोर वर होती, पण नुसता एक पुसट डाग. दीपगृहाचा उजेड दिसेना. शीड लोंबलेलं, मधूनच एखादी झुळूक आली तर भरायचं. होडी पुढे जातेय की मागे, काही उमगेना. ओहोटीचं पाणी त्यांना उंदेरीच्या बाजूला ओढत होतं. उंदेरीभोवती खडक आहेत. भरतीला बुडालेले असतात. ओहोटीला वर येतात...

साहेब आणि बाई केबिनमध्ये. बुधाजी मागे सुकाणूवर. त्याने जयवंताला सांगितलं, "पुढं जा. पाणी मोजत रहा."

आता धुक्यात पाणी मोजतात ते असं. होडीच्या पुढच्या टोकाला उभं राहायचं. दोरीला शिशाचा गोळा बांधलेला असतो, तो सोडायचा. तळाला टेकला की दोरी किती गेली ते ओरडून सांगायचं. दोन हात पसरले की एक वाव. तेवढ्यावर सुकाणूवाल्याने होडी चालवायची. समोरचं दिसत नाही. कानावरच सगळं.

जयवंत निघाला. पण मधल्या डोलकाठीपाशी शिडाचा दोर अडकला होता. तो सोडवायला थांबला. बोटं गारठलेली, गाठ सुटेना. दोन-चार मिनिटं गेली असतील.

तेवढ्यात पुढून आवाज आला.

पाण्यात गोळा पडल्याचा. डुबुक.

"सहा वाऽऽव."

सुकाणू करकरलं. बुधाजीने होडी किंचित वळवली.

डुबुक.

"पाच वाऽऽव."

जयवंताने गाठ तशीच सोडली. तो वाकलेला होता, तसाच राहिला. मग सरकत सरकत मागे गेला. बुधाजीच्या अगदी जवळ.

"काका."

बुधाजीने दचकून पाहिलं. "तू हिथं कसा?"

"मी पुढे गेलोच नाही."

दोघांनी केबिनकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत कंदील. साहेब पुस्तक उघडून बसलेले. बाई त्यांच्या शेजारी. होडीवर चौघंच होते. चौघं इथेच होते.

डुबुक.

"साडेतीन वाऽऽव."

बुधाजीने जयवंताचं मनगट धरलं. "ओ देऊ नको. काय पण हो, ओ देऊ नको."

होडीचं पुढचं टोक धुक्यात गेलेलं. दहा हातांपलीकडे काही नाही. पाणी निथळल्याचा आवाज मात्र येत होता. ओली दोरी कोणी हातांनी ओढून घ्यावी तसा... थेंब... थेंब...

जयवंताने आवाजाच्या दिशेने कान दिला.

लहानपणी देवगडला, बापाच्या मचव्यावर, पाणी मोजायचं काम धाकट्याकडे असायचं. धाकटा 'वाव' म्हणताना शेवट लांबवायचा. बाप त्याला त्यावरून चिडवायचा. तसा दुसरा कोणी ओरडत नाही.

"काका, तो माझा सीताराम आहे."

"तुझा भाऊ लालबागला हाय. हे खडकावर न्यायला आलंय. मी उलटा वळवतो."

डुबुक.

"दोन वाऽऽव."

आवाज आता घाईचा. डाव्या बाजूने आल्यासारखा. होडी उजवीकडे घ्या, असं सांगणारा.

बुधाजीने होडी डावीकडे घ्यायला सुकाणू रेटलं. जयवंताने त्याचे दोन्ही हात धरले.

"उजवीकडे घे."

"सोड."

"काका, उजवीकडे. पाण्याचं तो कधी खोटं सांगायचा नाही."

"आन् तो नसला तर?"

जयवंताने अंगाचा भार टाकून सुकाणू ओढलं. बुधाजी क्षणभर झुंजला. मग... का कोण जाणे... हात सैल सोडले.

"दीड."

या वेळी लांबवलं नाही. नुसतं दीड.

कस्तुरी हळूच वळली. आणि डाव्या हाताला धुकं फाटलं. खडक. काळा, ओला, शिंपल्यांनी भरलेला. हात लांब केला असता तर लागला असता. त्याच्यावरून पाणी घसरत होतं. मग दुसरा. मग तिसरा, टोकदार... होडीच्या अंगाला घासलं काहीतरी. घासून गेलं.

मग पाणी मोकळं झालं.

"चार वाऽऽव."

दम लागल्यासारखा.

"सहा वाऽऽव."

लांब गेल्यासारखा.

नंतर बराच वेळ काही नाही. केबिनमधल्या घड्याळात आठ वाजून वीस मिनिटं झाली होती, साहेबांनी नंतर सांगितलं. त्यांनी आवाज ऐकला होता. त्यांना वाटलं, जयवंत आहे.

डुबुक.

दोरी सुटत राहिली. सुटतच राहिली.

"तळ गावणा नाय, दादा."

आणि मग जयवंताने ओ दिली. बुधाजीने तोंड दाबायच्या आत दिली. "सीताराम..."

पुढून काहीच आलं नाही.

वारा सुटला. धुकं विरळ झालं. दूर खांदेरीचा उजेड फिरताना दिसला. बुधाजी कंदील घेऊन पुढे गेला. तिथे कोणी नव्हतं. मोजायची दोरी नीट वेटोळं करून ठेवलेली होती. ओली. फळीवर पाणी साचलेलं.

पहाटे ते अपोलो बंदराला लागले. साहेबांच्या ओळखीने गिरगावापर्यंत गाडी मिळाली. म्हातारी सुखरूप होती. तिथून जयवंत गल्लीबोळांतून, थांबत, लपत, दुपारी चाळीत पोचला. जिन्यात मीच उभा होतो. मला काही सांगावं लागलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे ठेवलंय?"

मंगळवारी संध्याकाळी सीतारामला लालबागच्या नाक्यावर गोळी लागली होती. त्याच्या हातात झेंडासुद्धा नव्हता. पडलेल्या एका म्हाताऱ्याला उचलायला धावला, आणि स्वतः रस्त्यावर पालथा पडला. गोळी कोणी झाडली, कोणी सांगितलं नाही. परळच्या इस्पितळात नेला. शेजारच्या राधाबाई त्याच्याजवळ होत्या, शेवटपर्यंत.

"शुद्धीवर नव्हता रे," त्यांनी जयवंताला सांगितलं. "नुसते आकडे पुटपुटत होता. सहा, पाच, साडेतीन... मला वाटलं, मागावरचे धागे मोजतोय. मध्येच अगदी कासावीस झाला, दीड म्हणाला. मी म्हटलं, काय दीड, बाळा? तर ऐकू कुठे येतंय त्याला. मग निवला, आणि साडेआठ वाजायच्या आत गेला."

राधाबाईंना उंदेरीचं कोणी सांगितलं नव्हतं. अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

तेराव्याला बुधाजी भेटायला आला. काखेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खोलीत आम्ही तिघंच. त्याने दार लावायला सांगितलं.

"तात्या, मी हे धुतलं नाही. मला धुववेना."

फडकं सोडलं. ती मोजायची दोरी, टोकाला शिशाचा गोळा. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात. तळाला जे असेल ते चिकटून वर येतं. वाळू असली तर वाळू, चिखल असला तर चिखल. त्यावरून तांडेल ओळखतो, आपण कुठे आहोत.

बुधाजीने गोळा उलटा करून दिव्यापाशी धरला.

"चाळीस वरसं दर्यात हाय मी," तो म्हणाला, आणि गोळा माझ्या हातात दिला.

चरबीत वाळू नव्हती. शिंपला नव्हता. बारीक काळी खडी रुतून बसली होती, रस्त्यावरची. तिला डांबर लागलेलं होतं, आणि ते अजून मऊ होतं.