बायकोला अहोजाहो करणारं भूत

दिग्दर्शक ताईंच्या ऑफिसात शिरला आणि कुणी बसा म्हणण्याआधीच बसला. ताई खासगी गुप्तहेर. शेजारी त्यांचे भाऊजी. ते ताईंची गाडी चालवत आणि उरलेला वेळ चुकीचे तर्क लढवत.

"सिनेमाचा शेवट नासवलाय. सहाला पहिला खेळ आहे."

"कसला सिनेमा?"

"विनोदी. खाष्ट नवरा मरतो आणि बायकोची माफी मागेपर्यंत भूत होऊन लटकतो."

"म्हणजे बेताचा," भाऊजी म्हणाले. दिग्दर्शकाने पुढचं सांगितलं.

शेवटच्या प्रसंगात पाठमोरं भूत म्हणायचं, "चुकलो गं. माफ कर." आज सकाळी सिनेमा तपासताना ते म्हणालं, "चुकलो. माफ करा."

"लोक नको तिथे हसतील."

"आणि हवं तिथे?"

दिग्दर्शकाने विषय बदलला. "रेकॉर्डिंगवालीने जुने तुकडे जोडून थट्टा केलीय. श्रेयनामावलीच्या पाट्यांतून तिचं नाव काढलं मी."

स्टुडिओत रेकॉर्डिंगवाली डोळे पुसून बसली होती. "डबिंग महिन्यापूर्वीच संपलं. काल दुपारी मी जेवायला गेले, खोली उघडी होती. इमारतीत फक्त भुताचं काम करणारे नायक आणि लेखक. आठ वर्षांनी पहिल्यांदा पडद्यावर नाव येणार होतं, ताई."

ताईंनी ते वाक्य तीनदा ऐकलं. आवाज नायकाचाच. 'चु'वर बारीक शिट्टी वाजत होती. आधीच्या संवादांत ती नव्हती.

नायक आरशासमोर होते. "परवा पुढचा दात बसवला, 'च' आला की शिट्टी वाजते. पस्तीस वर्षं डबिंग करतोय, यंत्राचं बटणन्‌बटण पाठ आहे. पण मी कशाला हात लावू? ती पोरगीच चुकली असेल. दिग्दर्शक तर कालचा पोर, त्याला काय कळतंय? लेखक वर बसलेत. त्यांना विचारा, ते सांगतील."

लेखक म्हातारे, शांत. "पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच नाटकाच्या जाहिरातीतून माझं नाव गेलं. कुणी काढलं, मी विचारलं नाही. तेव्हापासून हा नायक आमच्याकडे फिरकला नाही. कामात असेल."

चार वाजता ताईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"लेखकांनीच केलं," भाऊजी म्हणाले. "सिनेमात निदान एक वाक्य नवं असावं म्हणून."

"भाऊजी, गाडीत पेट्रोल आहे का बघा." मग ताई नायकांकडे वळल्या. "डबिंग महिन्यापूर्वीचं, दात परवाचा. म्हणजे शिट्टीचं वाक्य जुन्या तुकड्यांचं नाही, काल बोललेलं आहे. मुलगी सुटली. आता 'करा'. स्टुडिओतल्या सगळ्यांना तुम्ही अरेतुरे करता. 'ते' म्हणालात फक्त लेखकांना. ती माफी बायकोची नव्हतीच, लेखकांची होती."

नायक उठून लेखकांसमोर आले.

"जाहिरातीत माझं नाव मोठं बसेना," ते लेखकांना म्हणाले. "तुमचं मीच काढायला लावलं. समोर यायची हिंमत नव्हती. वाटलं, थिएटरच्या अंधारात बसून ऐकाल."

"आणि आज हिचं नाव जाताना पुन्हा गप्प बसलात," ताई म्हणाल्या.

"ऐकलं मी," लेखक म्हणाले. "आता मूळचं वाक्य लावा. भूत आहे, त्याला बायकोशी नीट बोलू द्या."

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. "पण हिचं नाव आता घालू कुठे? पाटीवर जागाच नाही."

"माझं लहान कर," नायक म्हणाले.

पस्तीस वर्षांत हे वाक्य त्यांना कुठल्याच लेखकाने लिहून दिलं नव्हतं.