हत्ती, माकड आणि मी

तो पहिल्यांदा आमच्या तेलाच्या दुकानात आला तेव्हा मी काउंटरमागं वाकून पेंडीचं पोतं सरकवत होते. "कुणी आहे का?" असा आवाज आला म्हणून उभी राहिले. सहसा मी एकदम उभी राहत नाही, गिऱ्हाईक दचकतं. माझी उंची सहा फुटाला जरा कमी. जरा म्हणजे, चप्पल काढल्यावर.

तो वर बघत राहिला. मग डोळे मिटून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"मंत्र टाकलासा काय?"

"नाही... शेंगतेल. एक लिटर."

त्याचे कान लाल झाले. मला वरून स्पष्ट दिसले.

नाव एझ्रा झिराडकर. नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. मूळचा अलिबागकडचा, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. त्याचे पूर्वजही आमच्यासारखे घाण्यावर तेल काढायचे, फक्त शनिवारी घाणा बंद ठेवायचे. हे त्यानं दर आठवड्याला थोडं थोडं सांगितलं. एकटा माणूस एवढ्या तेलाचं करतो काय, ते मात्र सांगितलं नाही.

पुटपुटणं काय होतं तेही मी काढून घेतलं. ती स्तुती होती – नाना परींचे जीव घडवणाऱ्या देवा, तू धन्य आहेस. काही वेगळं दिसलं की म्हणायची.

"वेगळं म्हणजे?"

"हत्ती," तो म्हणाला. "माकड." मग रिकामी बाटली काउंटरवर ठेवली. "...आणि फार उंच माणूस."

मी बाटली भरून दिली. झाकण लावायचं राहिलं. मुद्दाम की चुकून, मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या खेपेला तो तेलकट पिशवी घेऊन समजवायला आला. ही चेष्टा नव्हे, म्हणाला. देवानं माप घेताना चूक केली नाही, हे आपण कबूल करायचं असतं. तू ससा का झाला नाहीस, असं देव हत्तीला कधीच विचारणार नाही.

"म्हणजे मी हत्तीच."

"उदाहरण आहे ते."

"मग म्हणा की परत."

तसं चालत नाही म्हणे. मध्ये महिनाभर बघितलेलं नसेल तरच परत म्हणायची.

माझा गोंधळ उडाला. मला आजवर लोकांनी निलगिरी म्हटलंय, वायरमनची शिडी म्हटलंय. पण मला बघून देवाचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

तेवढ्यात बिद्रीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात, उंचीनं बेताचा. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, बेत आखला. पावणं यायच्या आधीच मी खुर्चीत बसायचं आणि ते जाईपर्यंत उठायचं नाही. एझ्राला सांगितलं तर त्यानं भरलेली बाटली परत काउंटरवर ठेवली.

"बसूनच? आणि लग्नानंतर?"

"त्ये आक्का बघंल."

त्यानंतर तो आलाच नाही.

पावणे मात्र आले. मी बसले. चहा आक्कानं दिला. मी पाया पडायलाही उठेना, तशी मुलाच्या आईला शंका आली. पायाचं काही असेल तर मोकळं सांगा, आमच्याकडं हाडं बसवणारा चांगला आहे, असं ती आक्काच्या कानात म्हणाली. मुलानं ते ऐकलं. त्यानं बशी खाली ठेवली आणि आपण पोरीला आयुष्यभर सांभाळू असं जाहीर केलं. सगळ्यांचे डोळे भरून आले. आणखी थोडा वेळ गप्प बसले असते तर लग्न ठरलं होतं.

मला हत्ती आठवला.

मी उठले. सगळीच्या सगळी उठले.

दारातच उत्तर मिळालं. पोरगी बसलेली चांगली होती, म्हणे.

आक्का रडली. मला हे एझ्राला सांगायचं होतं, पण तो कुठं होता? रोज कागलच्या बसकडं बघून माझी मान दुखायला लागली.

आणि एका रविवारी दारात तो. मी सरळ उभी होते. त्यानं डोळे मिटले आणि सगळी स्तुती म्हटली, या वेळी मोठ्यानं.

"कुठं होतासा?"

"महिना भरायचा होता." तो ओशाळला. "पाकिटातलं तेल खाल्लं. पोट बिघडलं."

"आणि स्थळ जमलं असतं तर?"

"तर देवाची मर्जी. वाईट बातमीलाही स्तुती आहे आमच्यात. पाठ करून आलोय."

स्थळ मोडलं, असं मी सांगितलं. तो गडबडला. वाईट बातमीची स्तुती वेगळी, चांगलीची वेगळी. आता ही बातमी कुठली धरायची?

"तुम्हाला कुठली वाटती?"

कान लाल. "चांगलीच..." मग हळूच, "पण ती उंच माणसाची, ती आता परत म्हणता येणार नाही बहुतेक."

"का?"

"परत महिनाभर लांब राहायला... जमणार नाही मला."

माझ्या हातातली बाटली कधीच भरली होती. तेल काउंटरवरून खाली चाललं होतं. दोघांपैकी कुणी हललं नाही.

"कोण आलंय गं?" आतून आक्का.

आता याला काय म्हणायचं? गिऱ्हाईक? झिराडकर?

"पावणं," मी म्हणाले. "मला बघायला आल्यात."

आत कप फुटला. "मग बस की खाली!"

"न्हाय," मी म्हणाले. "ह्यांनी उभीच बघितलीया."