खुंटीवरचा कोट

दार लोटून घ्या रे, वारा आत येतोय. आणि मध्येच 'काका, खरंच का?' असं कुणी विचारायचं नाही. पटलं तर पटलं. आमच्या शेजारी बासवाला राहायचा, म्हणजे माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून वाजवणारा. त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट आहे.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. गडी घाईत निघाला आणि बास वाजवायच्या गजाला लावायची राळ घरीच विसरला. बायको डबी घेऊन त्याच्या मागे हॉलवर गेली. काम एवढंच, डबी द्यायची आणि परत यायचं.

हॉल जुना, लाकडी जमिनीचा. दर शनिवारी तिथे टँगो, म्हणजे जोडीजोडीने करायचा नाच, चालायचा. वाजवणारे चौघं: पियानो, व्हायोलिन, बास आणि मांडीवर ठेवून भात्यासारखी ओढायची पेटी. जुना पेटीवाला उन्हाळ्यात वारला होता, त्याच्या जागी नवा आला होता. पण म्हाताऱ्याचा काळा कोट मंचामागच्या खुंटीवर तसाच होता. काढायला कुणाचा हात धजेना.

म्हातारा मोठा थट्टेखोर. बासवाल्याला म्हणायचा, "बायको एवढी हौशी, आणि तू तिला नाचवत नाहीस. एकदा मीच नाचवतो बघ."

"न्या की खुशाल!" बासवाला हसायचा.

"शब्द दिलास हं."

तर त्या शनिवारी बासवाला बायकोला म्हणाला, "आलीच आहेस तर बस थोडा वेळ."

"बसते. पण एक दिवस तुम्हीही खाली उतरा आणि माझ्याबरोबर नाचा."

"मग बास कोण वाजवणार? तुझा भाऊ?"

ती हसली आणि खांबाजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

आता तिथली रीत ऐका. नाचायला तोंडाने बोलवत नाहीत. पुरुष लांबून बघतो, मान हलवतो. बाईनेही हलवली की ठरलं. मग चार गाणी होईपर्यंत सोडायचं नाही. चौथं संपलं की पुरुष तिला तिच्या जागेवर पोचवतो.

दिवे मंद झाले. अंधाऱ्या कोपऱ्याकडे बघून बायकोने मान हलवली. उठली. डोळे मिटून नाचू लागली. जोडीदाराची नुसती पाठ दिसत होती. बासवाल्याला बरंच वाटलं. बिचारीची हौस फिटतेय.

बासचा खिळा जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे नाचणाऱ्यांची पावलं वाजवणाऱ्याच्या हाताला जाणवतात. दुसरं गाणं संपता संपता ती मंचाला अगदी खेटून गेली. तिची पावलं त्याने ओळखली. आणि... फक्त तिचीच.

त्याने मागे वळून पाहिलं.

खुंटी रिकामी होती.

तो हाक मारणार होता, पण थबकला. मध्येच थांबलो आणि त्याने तिला तसंच नेलं तर? तिसरं संपलं. चौथं लागलं. हे संपलं की तो तिला पोचवायला निघणार. म्हणजे संपूच द्यायचं नाही.

"हेच पुन्हा घ्या," तो बाकीच्यांना म्हणाला. "पहिल्यापासून!"

"डोकं फिरलं का तुझं?" व्हायोलिनवाला पुटपुटला, पण वाजवू लागला. मग पुन्हा. मग पुन्हा. दमून एकेक जोडी बसली. जमिनीवर आता एकच होती. पियानोवाल्याने एकदा वर पाहिलं... मग पाहिलंच नाही.

टँगोचा शेवट ठरलेला असतो. दोन ठोके. एक जोरात, एक हळू. त्या जागेपाशी बाकी तिघांनी हात आखडते घेतले. पण याचा हात... इतक्या वर्षांची सवय... गज आपोआप...

एक.

...

दोन.

कुणीतरी दिवे लावले. बायको आपल्या खुर्चीत बसली होती. रीतीप्रमाणे नीट पोचवलेली. डोळे मिटलेले. हात बर्फासारखे गार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. म्हणोत बापडे. बासवाला तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडत होता. "उतरायला हवं होतं गं मी... एकदा तरी उतरायला हवं होतं..."

तिच्या डाव्या हातात लग्नाची अंगठी नव्हती. खुर्चीखाली पाहिलं, अख्खी जमीन धुंडाळली. नाही सापडली. मग बासवाला उठला आणि मंचामागे गेला.

कोट खुंटीवर होता. उजव्या खांद्यावर, नाचताना बाईचा डावा हात असतो तिथे, अंगठी धाग्यात अडकली होती.