चाखणीआधी इंजिन गार असावे

इंजिन गार होतं. मृणाल दळवीने दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवून खात्री केली आणि मान डोलावली. चाखणी केंद्राचा कुरणे हातात जीभ घेऊन पुढे आला.

तिचं कागदोपत्री नाव चवपट्टी. फुटपट्टीएवढी, राखाडी, लवचीक. इंजिनाच्या फटीफटीत सरकायची, तिथलं जुनं तेल, काजळी, सुकलेले क्षार चाखायची आणि गाडीने आजवर काय काय सोसलं ते सांगायची. ती आल्यापासून जुनी गाडी घेताना कुणी ओळखीचा मेकॅनिक बरोबर आणत नसे. लोक गाडी चाखून घेत. चाखणीचा दाखला नसेल तर गाडी नावावर होत नव्हती. अट एकच, इंजिन गार हवं. गरम इंजिनात सगळ्या चवी एकमेकींत मिसळतात.

"थांबा जरा," गाडीचे मालक मगदूमकाका म्हणाले. "आधी आवाज तर ऐका की हिचा."

कुणी काही बोलायच्या आत त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"घड्याळ हाय, बाई, घड्याळ," काका खिडकीतून म्हणाले.

"इंजिन तापले. तपासणी रद्द," जीभ म्हणाली.

कुरणेने तिला पेटीत ठेवलं. "गार झाली की बोलवा. पुढची गाडी."

•

पुन्हा पहिल्यापासून.

इंजिन गार नव्हतं. सांगली-मिरज रस्त्यालगतच्या त्या पटांगणात सावली म्हणून नव्हती, आणि पांढरी डिझेल सेडान उन्हात आणखीच तापत होती. मृणाल तिच्या कडेने फेऱ्या मारत राहिली.

"चुकलंच माझं," काका म्हणाले. "पण पोरगी दाखवायला आणली अन् तिला बोलूच द्यायचं न्हाई, असं कसं चालंल?"

मृणाल हसली नाही. उद्या सकाळी तिला गाडीच्या दाखल्यासह हजर व्हायचं होतं. चंदगडच्या पलीकडे डोंगरात फिरती परिचारिका म्हणून नेमणूक होती. तिथे पावसाळ्यात वीज गेली की आठवडाभर येत नाही आणि बॅटरीच्या गाड्या जिथल्या तिथे बसतात. म्हणून तिथल्या परिचारिकांना अजून डिझेलची सवलत होती, पण गाडी स्वतःची हवी. उंच गाड्या लोकांनी कधीच उचलल्या होत्या. उरली ही. उद्या गाडी नसली तर पद रद्द होणार होतं, कारण दुसरं कुणी अर्जच केला नव्हता. त्या वाड्यांमधल्या बाळंतिणी मग पुन्हा डोलीतून खाली येणार.

तिने स्वतः जमेल ते पाहिलं होतं. पुढच्या-मागच्या सीटचे पट्टे मुळापर्यंत ओढले. पुरात गेलेली गाडी कितीही धुतली तरी पट्ट्याच्या शेवटच्या वितीवर गाळाची रेघ राहते. इथे नव्हती. गालिचा उचलून खाली नाक लावलं. कोरडी धूळ. सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू केली तेव्हा निळा धूर नव्हता, पांढराही नव्हता. इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून उलटं ठेवलं, ते नाचलं नाही, म्हणजे इंजिन आतून झिजलेलं नव्हतं.

पटांगणाच्या भिंतीपलीकडे दाबयंत्र होतं. चाखणीत पुराची ठरलेली गाडी त्याच संध्याकाळी तिकडे जाई. पुराच्या गाड्यांच्या तारा चालत्या रस्त्यात पेट घेतात, म्हणून कायदाच तसा होता. दर थोड्या वेळाने पत्रा चेपल्याचा आवाज येत होता.

"आज बरंच काम दिसतंय त्यांना," मृणाल म्हणाली.

"दसरा झाल्यापासनं असंच चाललंय म्हणं," काका म्हणाले.

•

पुन्हा पहिल्यापासून.

इंजिन गार होतं. किल्ली मृणालच्या मुठीत होती. जीभ आत गेली, सरपटली, बाहेर आली.

"तेलगळती नाही. काजळी वयाच्या मानाने कमी. वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले आहे. खात्री पूर्ण."

काकांना वाटलं, शेजारच्या गाडीबद्दल चाललंय.

"तुमचीच," कुरणे म्हणाला.

"माझी? अहो, मी जतचा. आमच्यात प्यायला पाणी टँकरनं येतंय, आणि पूर? पूर बघायला आम्ही एस्टी करून सांगलीला आलोवतो एकदा."

"काका, मी काही म्हणत नाही. यंत्र म्हणतंय."

"मग यंत्राला म्हणावं जतला ये."

कुरणेने गाडी सुरू करून धुराची नोंद घेतली, कारण बाद गाडीचीही नोंद घ्यावी लागे. मग काचेवर लाल पट्टी चिकटवली. मृणालने ती उचकटून काढली. त्याने दुसरी चिकटवली. तो रागावला नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

"पट्टे बघा ना. गाळ कुठंय?"

"पट्टे बदलता येतात."

"गालिचा?"

"गालिचाही."

"माणूस खरं बोलत असेल, असं तुमच्या यंत्रात कुठे बसतं का?"

"तसा रकाना नाही, मॅडम."

"मग चवीचा तपशील दाखवा. ते तर दाखवावं लागतं ना?"

लागत होतं. कुरणेने पडदा तिच्याकडे वळवला. पोटॅशियम भरपूर, सोडियम नावाला, थोडी साखर.

"हे पोटॅशियम बघा," तो म्हणाला. "नदीकाठच्या उसाच्या रानांतून खत धुऊन येतं, त्यातला पोटॅश. पुराची खूण हीच. जिभेला तेच शिकवलंय."

"आणि साखर?"

"कारखान्याची मळी असेल."

मृणाल पडद्याकडे बघत राहिली. ती आधी मिरजेत डायलिसिसच्या वॉर्डात होती. किडनीच्या रुग्णांना पोटॅशियम चालत नाही, आणि नातेवाईक नेमकी एकच गोष्ट प्रेमाने लपवून आणत. तिने कितीतरी शहाळी हातातून काढून घेतली होती. पोटॅशियम भरपूर, सोडियम नावाला, थोडी साखर.

तिने पेटीकडे पाहिलं. पेटीच्या कडीला सुकलेलं झेंडूचं फूल अडकलं होतं.

"खंडेनवमीला हिची पूजा केलीत?"

"सगळ्याच यंत्रांची केली. असतंच ना ते." कुरणे थांबला. "पण हळदकुंकू जिभेला लावू दिलं नाही मी. पट्टी खराब होते. म्हटलं, नुसतं…"

"म्हटलं, नुसतं नारळाचं पाणी शिंपडा."

भिंतीपलीकडे पत्रा चेपला.

"रोज सकाळी ती स्वतःला तपासते," कुरणे म्हणाला. "हिरवा दिवा लागतो."

"तिची चव तीच ठरवणार, मग लागेलच." मृणालने त्याच्या टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला. "हे चाखा."

त्याने टाळाटाळ केली. मग जीभ पेल्यात सोडली.

"वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले आहे. खात्री पूर्ण."

काका एकदम हसले. कुरणे हसला नाही. त्याने पेटीतला रूळ उचकटला, ज्यावर जीभ गुंडाळून ठेवत. खाली चिकट, तपकिरी काहीतरी वाळून बसलं होतं. तो रुमालाने ते पुसू लागला. बराच वेळ पुसत राहिला.

•

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "ही साफ झाली. तुमची गाडी पुन्हा चाखतो. दाखला आजच मिळेल."

"आणि बाकीच्या?"

"ज्या गेल्या त्या गेल्या. चेपलेली गाडी काय परत उभी राहणारंय? वर कळवलं तर जीभ सीलबंद होईल, चौकशी लागेल, केंद्र महिनोन्‌महिने बंद. मग तुमचीही गाडी अडकली." त्याने घाम पुसला. "तुम्हाला उद्या जायचंय. तुम्ही जा. मी हळूहळू सावरून घेतो."

"ज्यांच्या गेल्या त्यांना काय सांगणार?"

"त्यांना पूर माहीतच आहे, मॅडम. सांगलीत कुणाची गाडी बुडाली म्हटलं तर कोण वाद घालतं? हे जतचे निघाले म्हणून."

काकांचं हसू मावळलं. ते गाडीशी गेले आणि काचेवरची लाल पट्टी नखाने खरवडू लागले.

भिंतीलगत बाद गाड्यांची रांग होती. मालक आपापल्या गाडीतून सामान काढत होते. एक जण आरशाला बांधलेली लहान मुलीची ओढणी सोडवत होता. गाठ सुटत नव्हती. चिडून त्याने ती दाताने धरली.

"बाई," काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नका. गाडी माझी, पण रस्ता तुमचा. मी काय बोलू?"

"काहीतरी बोला ना, काका."

काका पट्टी खरवडत राहिले.

मघाशी धुराच्या नोंदीसाठी गाडी चालू केली होती. इंजिन अजून तापलेलं होतं. मृणालने बॉनेटवर तळवे ठेवले. भाजत होतं. तिने हात काढले नाहीत. गार व्हायला वेळ लागणार होता, आणि तेवढा वेळ तिला कुणालाही उत्तर द्यायचं नव्हतं. भिंतीपलीकडून क्रेन आली. तिने रांगेतली पहिली गाडी उचलली, दुसरी उचलली. चंदगडच्या वाटेवर आता अंधारून आलं असेल. ओढणीवाला अजून गाठीशी झटत होता, आणि क्रेन त्याच्या गाडीपाशी येऊन थांबली होती.

तळव्यांखालचा पत्रा आता कोमट होता. मग कोमटही राहिला नाही.

कुरणे जीभ घेऊन आला. पुसून पुसून ती चकचकीत झाली होती.

"गार झालं का?" त्याने विचारलं.

मृणालला ठाऊक होतं, तिने मान डोलावली की जीभ आत सरकणार, आणि क्रेन चालूच राहणार.

"मॅडम, गार झालं का?"