मानेच्या उजव्या बाजूला

प्रयोगशाळेत माझं काम एकच: बरणीतला तुकडा आणि बरणीवरचं नाव एकाच माणसाचं आहे का, हे बघणं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचा डीएनए मी त्याच रुग्णाच्या रक्ताशी ताडून बघते. अदलाबदल होतेच. वर्षातून तीन-चारदा मी कोणाची तरी खरडपट्टी काढते, म्हणून माझ्यामागे मला सासूबाई म्हणतात. म्हणोत.

मार्चमध्ये धाकट्या भावाच्या मानेचं ऑपरेशन झालं. आमच्या वडिलांच्या एका जनुकात जरासा फरक होता. तो असला की शरीरातली सूज लवकर विझत नाही, रक्तवाहिनीच्या अस्तरात धुमसत राहते आणि तिथे चरबीचा थर साचत जातो. सहा वर्षांपूर्वी बाबा पक्षाघाताने गेले, ते त्यामुळेच. तो फरक भावाकडे आला, माझ्याकडे नाही. त्याच्या मानेतल्या दोन्ही रक्तवाहिन्यांत थर सापडला. डावीकडचा मोठा होता, म्हणून तो आधी काढला. उजवीकडचा दीड महिन्याने काढायचं ठरलं.

तुकडा माझ्याच टेबलावर आला. बोटाच्या पेराएवढा, पिवळट, झिजलेल्या साबणाच्या चिपेसारखा. निकाल आला: जुळत नाही.

मी ऑपरेशन थिएटरला फोन लावून तोंडाचा पट्टा सोडला. सर्जनांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या दिवशी मानेचं एकच ऑपरेशन होतं, मॅडम."

मी पुन्हा तपासलं. नवी रसायनं, दुसरं यंत्र, आणि निकाल तोच. तुकडा पुरुषाचा होता. परका मात्र नव्हता, कारण प्रत्येक खूण भावाशी बरोबर निम्मी जुळत होती. बाप आणि मुलगा जुळतात तशी. भावाला मूलबाळ नाही.

घराण्याच्या तपासणीसाठी दिलेलं बाबांचं रक्त आमच्याच शीतपेटीत होतं. ते लावून बघायचं काम तासाभराचं. मला दोन दिवस लागले.

सगळ्या खुणा जुळल्या.

शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून तोच तुकडा बघत होत्या. "सूज ताजी आहे," त्या म्हणाल्या. "काढला तेव्हा पेशी चांगल्या जिवंत होत्या."

मी अहवालात 'नमुना दूषित' असं लिहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा खोटं लिहिलं आणि त्याची लाज वाटली.

रविवारी भावाकडे गेले. तो स्वयंपाकघरात बसला होता.

"उजवीकडचं नको करायला, ताई."

"डोकं ठिकाणावर आहे ना? बाबांचं काय झालं, बघितलंस की."

"डावा कान गप्प झालाय."

"अरे, अरुंद वाहिनीतून रक्त जाताना आवाज होतो. वाट मोकळी झाली, आवाज गेला. चांगलंच आहे ते."

"डॉक्टरही तेच म्हणाले." त्याने खणातून स्टेथोस्कोप काढला. विकत आणला होता. "तू एकदा ऐक."

त्याची समजूत पटावी म्हणून मी नळ्या कानात घातल्या आणि चकती त्याच्या मानेला उजवीकडे लावली. आधी नाडी ऐकू आली, मग पुस्तकात लिहिलेला सूं सूं आवाज.

मग त्यात खंड पडायला लागले.

चार ठोके. श्वासाएवढी जागा. पुन्हा चार ठोके.

ठ. मा. का. कू.

लहानपणी मी गोलमटोल होते. मला या नावाने एकच माणूस हाक मारायचा, शेवटचं अक्षर असंच लांबवत.

"काय म्हणतात?" भावाने विचारलं. "मला नुसती कुजबुज ऐकू येते."

"काही नाही. रक्ताचा आवाज आहे," मी म्हटलं, आणि नळ्या कानातून काढल्या नाहीत.

त्याला आता दोन महिने झाले. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून माझी सही लागते. सर्जनांचे तीन फोन येऊन गेले. थर वाढतोय, उशीर करू नका, म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. भावाच्या डाव्या हाताला मुंग्या येतात. तो घाबरलाय आणि ऑपरेशनला कधीच तयार झालाय. मीच त्याला सांगते, थोडं थांबू.

रोज कामावर जाण्याआधी मी त्याच्याकडे जाते. पूर्वी नुसती हाक असायची. आता पूर्ण वाक्यं येतात.

काल मी ऐकत असताना त्याच्या डाव्या हातातून कप सुटून फुटला.

"ताई, हात उचलत नाहीये..."

"गप्प बस जरा," मी म्हटलं. "मला नीट ऐकू येत नाहीये."