उरलेले आठ किलोमीटर

दार ओढून घ्या आणि दिव्याजवळ बसा. उद्या दुपारी साडेतीनपर्यंत मला सोबत हवी आहे. ती का, हे प्रथमपासून ऐकल्याशिवाय आपल्याला कळणार नाही.

तीन आठवड्यांपूर्वी खिडकीची कडी निखळली, म्हणून पेचकस आणायला मी मागच्या शेडमध्ये गेलो. आमची डिझेलची मोटार तेथे तीन महिने आच्छादनाखाली उभी होती. दार उघडताच घरघर ऐकू आली. बॉनेटखालचा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता. आच्छादनावर हात ठेवला, तो चटका बसला. शेडमध्ये तापलेल्या लोखंडाचा आणि जळक्या काजळीचा वास कोंदला होता. किल्ली माझ्या कपाटात होती.

लेक मागोमाग आली. आई गेल्यापासून ती माझ्याकडेच राहत होती.

"बाबा, गाडी काढली होतीत?"

"नाही."

"मग हा पंखा कसला चालू आहे?"

याचे उत्तर मला ठाऊक होते. मी शाळा फारशी शिकलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात. इंजिनांवरचा एक जुना जाडजूड ग्रंथ तर मला मुखोद्गत आहे. म्हणूनच मोटार घेतली तेव्हा मिस्त्री जे म्हणाला, ते मी केवळ ऐकल्यासारखे केले.

"काका, हिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी आहे. गाडी लांब पळाली, तापली, की ती काजळी आतल्या आत जळते. जळताना मध्येच बंद केलीत तर पंखा फिरत राहतो, सगळं थंड करायला. अधूनमधून अर्धा तास हमरस्त्यानं न्या. आणि पिवळा दिवा लागला तर त्याच दिवशी न्या."

माझ्या ग्रंथात अशी जाळी नव्हती. ग्रंथानंतर निघालेल्या वस्तूंना मी फारसे मोजत नसे. मोटार घरापासून वाचनालयापर्यंत, म्हणजे एक किलोमीटर, एवढीच धावे. दारात पोचताना पंखा घोंघावत असला तरी मी इंजिन तत्काळ बंद करी. उभ्या गाडीत डिझेल जाळणे मला अडाणीपणाचे वाटे.

पत्नी म्हणे, "अहो, एकदा लांब जाऊ या ना. मिस्त्रीसुद्धा तेच सांगतोय, आणि त्याला काही मला फिरवायची हौस नाही!" मी पुस्तकातून मान वर करीत नसे. पुढे पिवळा दिवा लागला. तीन आठवडे तो लागलेलाच होता.

मग एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. मोठे रुग्णालय बावीस किलोमीटरांवर. चौदाव्या किलोमीटरला, खाणीच्या चढावर, जाळी तुंबलेल्या इंजिनाने दम सोडला. पाय तळापर्यंत दाबूनही गाडी माणसाच्या चालीने सरकली आणि थांबली. तेव्हा साडेतीन वाजले होते.

"अहो... अजून किती लांब?"

"आलंच," मी म्हणालो.

तिने पुढे काही विचारले नाही.

गाडी अचानक बंद पडली, असे मी लेकीला सांगितले. मोटार ओढून घरी आणली गेली. मिस्त्रीने आपल्या रिवाजाप्रमाणे किलोमीटरचा आकडा चिठ्ठीवर लिहून काचेला चिकटवला. दुरुस्ती मी करू दिली नाही.

तर शेडमध्ये पंखा ऐकला त्या दुपारी मिस्त्रीला बोलावले. पंखा तोवर थांबला होता. त्याने चिठ्ठी पाहिली, आत डोकावला आणि हसला.

"काका, आठ किलोमीटर जास्त झालेत. झोपेत चालणारी माणसं पाहिलीत मी. तुम्ही झोपेत गाडी चालवता की काय?"

मी हसलो नाही. चौदा आणि आठ, बावीस.

"वायरिंगचा दोष असेल," असे म्हणत त्याने बॅटरी सोडवून जमिनीवर ठेवली. "घ्या. आता कसा फिरतो बघू." मग हात पुसता पुसता तो पुटपुटला, "तेव्हाच ऐकलं असतंत तर... तीन आठवडे दिवा पेटलेला. यंत्रात सगळी नोंद आहे."

लेक दारात उभी आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आले.

"बाबा, तुम्हाला तो दिवा दिसला होता?"

"नाही."

पंखा फिरू लागला.

बॅटरी माझ्या पायाशी होती. तिच्या तारा मोकळ्या लोंबत होत्या. मिस्त्री भिंतीपर्यंत मागे सरला. आतला पिवळा दिवा पेटला होता, आणि पंख्याचा आवाज चढतच होता...

"दिसला होता," मी ओरडलो. "तीन आठवडे दिसत होता!"

पाती मंदावली. थांबली.

लेक गाडीकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. तिने संध्याकाळी बॅग भरली. उंबऱ्यात थबकून म्हणाली, "आई शेवटचं काय बोलली, एवढं तरी खरं सांगा." मी सांगितले.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"आलंच, म्हणालो."

ती गेली. माझा फोन ती घेत नाही. मिस्त्री या गल्लीतही येत नाही.

बॅटरी अजून जमिनीवरच आहे. तरी रोज साडेतीनला पंखा फिरतो आणि जास्तीचा आकडा एका किलोमीटरने पुढे सरकतो. आठनंतर नऊ, नऊनंतर दहा. रुग्णालयापर्यंतचे उरलेले आठ आणि तेथून घरापर्यंतचे बावीस, मिळून तीस होतात. आज आकडा एकोणतीस झाला.

संध्याकाळी मी पुस्तक परत करायला वाचनालयात पायी गेलो. ग्रंथपाल महिन्यापूर्वीच रुजू झाली आहे. माझ्या पत्नीला तिने कधी पाहिलेले नाही.

"आजोबा, दुपारी तुमची गाडी बाहेर उभी होती. काचेआड तुमच्या नावाचं वाचनालयाचं जुनं कार्ड होतं, त्यावरून ओळखली," ती म्हणाली. "इंजिन बंद, आणि पंखा केवढा घोंघावत होता! चालवायला कुणीच नाही. शेजारच्या सीटवर एक बाई बसल्या होत्या. कुणाची वाट बघताय, विचारलं, तर उलट मलाच म्हणाल्या, घर अजून किती लांब?"

माझ्या हातातले पुस्तक टेबलावर पडले.

"तू... तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? म्हटलं, आलंच."